जो हप्ता अजून सुरूच झालेला नाही

वाचकाचे पत्र

मॅडम, सप्रेम नमस्कार. मी बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला, पाचव्या सत्रात आहे. माझे गाव लातूर जिल्ह्यात असून 2023 मध्ये कॅपमधून (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) दुसऱ्या जिल्ह्यातील खासगी महाविद्यालयात मला प्रवेश मिळाला. वडिलांची पावणेतीन एकर कोरडवाहू शेती आहे. आम्ही ओबीसी आहोत. बँकेने 4 लाखांचे शैक्षणिक कर्ज मंजूर केले असून 10 टक्के व्याजाने दरवर्षी 1 लाख रुपये महाविद्यालयाकडे जमा होतात. वसतिगृहाचे डिपॉझिट आणि पहिल्या वर्षीची खानावळ यासाठी वडिलांनी गावातल्या एकाकडून 50 हजार रुपये शेकडा 3 रुपये महिन्याने घेतले. त्याचे व्याज ते भरत आले, मुद्दल मात्र तसेच आहे.

गेले 11 महिने मी एका लहान नर्सिंग होममध्ये महिन्याला 14 रात्री करते. एका रात्रीचे 450 रुपये मिळतात. त्यातले 4 हजार मी दरमहा बँकेत भरते आणि उरलेले खानावळीला जातात, कारण दर महिन्याला वडिलांच्या मोबाइलवर व्याजाचा मेसेज येतो आणि ते घाबरून फोन करतात. रात्री 9 ते सकाळी 7 ड्युटी करून मी तशीच 8 वाजता पोस्टिंगला, म्हणजे रुग्णालयातल्या प्रात्यक्षिकाला, जाते. गेल्या महिन्यात पहाटे माझा डोळा लागला आणि सलाइन संपल्याचे कळलेच नाही. नळीत रक्त चढले होते. रुग्णाच्या नातेवाइकाने मला हलवून जागे केले. बालरुग्ण विभागातल्या पोस्टिंगचे माझे सहा दिवस बुडाले आहेत आणि थिअरीची हजेरी 74 टक्क्यांवर आली आहे. शिष्यवृत्तीचा पहिल्या वर्षीचा अर्ज नॉन-क्रिमी लेअर वेळेत न मिळाल्याने राहिला आणि दुसऱ्या वर्षीचा कॉलेज लॉगिनला, म्हणजे महाविद्यालयाच्या ऑनलाइन पडताळणीत, अडकला. वडील म्हणतात, कर्मवीरांची मुले कमवूनच शिकली. मी नोकरी सोडावी, की एक वर्ष गॅप घेऊन आधी कर्ज कमी करावे?

उत्तर

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

तू दोन पर्याय विचारले आहेस, म्हणून आधी त्यांचेच उत्तर देते. गॅप घेऊ नकोस आणि रात्रपाळी सोड. तिसरी गोष्ट तू विचारलेली नाहीस, परंतु तुझ्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाची तीच वाटली: बँकेत दरमहा 4 हजार रुपये भरणे या महिन्यापासून थांबव. कर्ज बुडव असे मी सांगत नाही. तुझा हप्ता अजून सुरूच झालेला नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

वडिलांच्या मोबाइलवर येणारा तो मेसेज पुन्हा एकदा शांतपणे वाच. आतापर्यंत उचललेल्या 3 लाखांवर 10 टक्क्यांनी महिन्याचे व्याज 2,500 रुपये होते, आणि मेसेजमधला आकडा त्याच्याच आसपास असेल. तो आकडा बँकेने कर्जखात्यावर नावे टाकलेल्या व्याजाचा आहे. ती मागणीची नोटीस नव्हे आणि वडिलांच्या बचत खात्यातूनही काही गेलेले नाही. ‘डेबिट’ हा शब्द दिसला की घरातल्या माणसाला पैसे कापले गेले असे वाटणे साहजिक आहे. सरकारी बँकांचे शैक्षणिक कर्ज साधारणपणे इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श योजनेप्रमाणे दिले जाते. त्या योजनेत शिक्षणाचा पूर्ण काळ आणि त्यानंतरचे 1 वर्ष हप्त्याला स्थगिती असते, या काळात सरळ व्याजाची आकारणी होते आणि नंतर परतफेडीला 15 वर्षांपर्यंत मुदत मिळू शकते. स्थगितीच्या काळात व्याज भरण्याची मुभा असते, सक्ती नसते. म्हणून तू आज काही भरले नाहीस तरी खाते थकीत होत नाही आणि सहकर्जदार म्हणून वडिलांच्या सिबिलवर त्याचा डाग लागत नाही. तुझ्या मंजुरीपत्रात ‘मोरेटोरियम’ (स्थगिती) या शब्दापुढे काय लिहिले आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी वाच आणि तो परिच्छेद वडिलांना फोनवर वाचून दाखव. पत्र हरवले असेल तर शाखेत अर्ज देऊन त्याची प्रत आणि कर्जखात्याचा उतारा माग.

आता हिशेब मांडू, कारण भीती आकड्यात उतरली की तिचे वजन कळते. पहिल्या वर्षी 1 लाखावर 10 हजार, दुसऱ्या वर्षी 2 लाखांवर 20 हजार आणि चालू वर्षाच्या सहा महिन्यांचे 15 हजार, असे आजवरचे व्याज अंदाजे 45 हजार होते. तू 11 महिन्यांत 44 हजार भरले आहेस. म्हणजे आजपर्यंतचे जवळजवळ सगळे व्याज तू रात्री जागून फेडलेस. ते पैसे वाया गेलेले नाहीत आणि त्याबद्दल स्वतःला वेडी म्हणवून घेण्याचे काही कारण नाही. प्रश्न पुढचा आहे. आजपासून तू एक पैसाही भरला नाहीस असे समजू. या वर्षाच्या उरलेल्या सहा महिन्यांचे 15 हजार, चौथ्या वर्षी 4 लाखांवर 40 हजार आणि स्थगितीच्या शेवटच्या वर्षाचे 40 हजार, असे आणखी 95 हजार चढतील. हप्ता सुरू होईल तेव्हा डोक्यावर 4 लाख 95 हजार असतील आणि 10 वर्षांच्या मुदतीने मासिक हप्ता साधारण 6,540 रुपये बसेल. तू व्याज शेवटपर्यंत भरत राहिलीस तर 4 लाखांचा हप्ता साधारण 5,290 रुपये असेल. फरक महिन्याला साडेबाराशे रुपयांचा आहे. पगार सुरू झाल्यावर एका नर्सने द्यावयाच्या साडेबाराशे रुपयांसाठी आज एक विद्यार्थिनी महिन्यातल्या 14 रात्री विकते आहे, असा हा व्यवहार आहे.

त्याच्या समोर गॅपचा, किंवा हजेरीअभावी परीक्षेला बसता न येण्याचा, हिशेब ठेव. वर्ष वाया गेले तर 3 लाखांवरचे 30 हजार रुपये व्याज वाढेल, वसतिगृह आणि खानावळीचा एक जादा वर्षाचा खर्च येईल आणि जी नोकरी एक वर्ष आधी लागली असती तिचा पगार जाईल. लहान शहरातल्या खासगी रुग्णालयात तुला सुरुवातीला 18 हजार मिळतील असे धरले, तरी वर्षाचे ते 2 लाख 16 हजार होतात. रात्रपाळीतून वर्षाला मिळणारे 75 हजार वाचवण्यासाठी अडीच लाख घालवायचे, हे शेतकऱ्याच्या मुलीला मी वेगळे समजावून सांगायला नको. अभ्यासक्रम वेळेत पूर्ण न झाल्यास बँका मुदत वाढवून देऊ शकतात हे खरे आहे, परंतु वाढीव मुदतीतही व्याज चालूच राहते. शिवाय गॅप घेतलेली मुलगी परत येतेच असे नाही. मी ट्यूटर असताना ‘एक वर्षाने येते’ म्हणून सामान बांधून गेलेल्या मुली मला आठवतात. त्यांतल्या बहुतेकींची नंतर भेट झाली ती लग्नपत्रिकेतूनच.

आता ज्या कर्जाविषयी तू एका वाक्यात लिहून पुढे गेलीस, त्याकडे वळते. शेकडा 3 रुपये महिना म्हणजे वर्षाला 36 टक्के. 50 हजारांवर महिन्याला दीड हजार, वर्षाला 18 हजार. अडीच वर्षांत वडिलांनी त्या माणसाला 45 हजार रुपये व्याजापोटी दिले आणि मुद्दल 50 हजारच राहिले. ज्या कर्जाला 10 टक्के व्याज आहे आणि जे आज कोणी मागत नाही, तिथे तुझे 4 हजार जात होते. जे 36 टक्क्यांनी घर पोखरते आहे, तिथे मुद्दलातला एक रुपयाही कमी होत नव्हता. बँकेचा मेसेज येतो म्हणून बँकेची भीती वाटते आणि गावातला माणूस पारावर भेटून हसून बोलतो म्हणून त्याची वाटत नाही, असे झाले आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 प्रमाणे परवान्याशिवाय व्याजाने पैसे देण्याचा धंदा करता येत नाही आणि परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याला विनातारण कर्जावर वर्षाला 12 टक्क्यांपेक्षा जास्त व्याज लावता येत नाही. तक्रारीची जागा तालुक्याला सहायक निबंधक आणि जिल्ह्याला जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांचे कार्यालय ही आहे. मात्र गावात राहायचे आहे, उद्या बैल आणि परवा पाणी त्याच माणसाकडून लागणार आहे, हे मला कळते. म्हणून तक्रार करा असे मी वडिलांना एकदम सांगणार नाही. दराची ही मर्यादा त्यांना ठाऊक असावी आणि आजवर दिलेले 45 हजार मुद्दलात धरून हिशेब मिटवण्याची बोलणी दोन जाणत्या माणसांसमोर त्यांनी करावीत. ते जमले नाही तर आईच्या बचत गटातून किंवा बँकेच्या सोनेतारण कर्जातून ही रक्कम एकदाच फेडून टाकणे स्वस्त पडेल. इथून पुढे तुमच्या घरात जो काही जादा रुपया येईल, तो आधी या खड्ड्यात जाऊ दे. बँक थांबायला तयार आहे.

पैशाचे बोलणे इथे थोडे बाजूला ठेवते, कारण नळीत चढलेल्या रक्ताविषयी बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

त्या रात्री बाटली रिकामी झाली, दाब उलटला आणि नळीत रक्त आले. सुई बंद पडली असेल, दुसऱ्या हाताला टोचावे लागले असेल, एवढ्यावर निभावले. त्या बाटलीत पोटॅशियम मिसळलेले असते, किंवा थेंब मोजून सोडायचे औषध चालू असते, तर मला आलेले पत्र निराळे असते. तू लिहिले नाहीस, तरी मला माहीत आहे की त्या वॉर्डात तुझ्याशिवाय दुसरे कोणी परिचारिका म्हणून नव्हते. नोंदणीकृत नर्स ठेवायला जो पगार द्यावा लागतो, त्याच्या एका तुकड्यात विद्यार्थिनी मिळते, म्हणून तुला ठेवले आहे. महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी झाल्याशिवाय तू परिचारिका नाहीस. पोस्टिंगमध्ये तू जे करतेस ते ट्यूटर आणि इन्चार्ज सिस्टर यांच्या देखरेखीखाली करतेस. तिथे चूक झाली तर तुझ्यामागे कोणी उभे असते. नर्सिंग होमच्या ड्युटी रजिस्टरवर ‘स्टाफ’ म्हणून जी सही करतेस, तिच्यामागे कोणी उभे नाही. उद्या काही घडले तर डॉक्टर म्हणतील, सिस्टर होत्या. आणि पोलीस विचारतील, नोंदणी क्रमांक काय. ज्या नोंदणीसाठी चार वर्षे आणि 4 लाख घातले, तिलाच अपाय होईल असे काम 450 रुपयांसाठी करू नये.

नाइट करून येणारी मुलगी मी सकाळच्या वॉर्डात लांबून ओळखत असे. तिचे डोळे किंवा तिचा गणवेश यांवरून नव्हे, टीपीआर चार्टवरून, म्हणजे ताप, नाडी आणि श्वसन यांच्या नोंदीवरून. अठरा खाटा आणि अठराच्या अठरा रुग्णांचा श्वसनाचा दर 20 लिहिलेला असे. मिनिटभर छातीकडे पाहत उभे राहण्याइतके त्राण शरीरात नसले की हात आपोआप 20 लिहितो. प्रौढांच्या वॉर्डात हे एखादे वेळी खपून जाते. तू सध्या बालरुग्ण विभागात आहेस आणि तिथे प्रत्येक डोस वजनावर काढायचा असतो. 10 किलोच्या बाळाला किलोमागे 15 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल म्हणजे 150 मिलिग्रॅम; सिरप 5 मिलीलिटरमध्ये 125 मिलिग्रॅमचे असेल तर 6 मिलीलिटर आणि 250 मिलिग्रॅमचे असेल तर 3 मिलीलिटर. दोन्ही बाटल्या ट्रॉलीवर शेजारी असतात आणि लेबलातला फरक एका आकड्याचा असतो. दहा तास जागून आलेल्या डोळ्यांनी तो आकडा वाचू नकोस.

तर मग खानावळीचे पैसे कुठून आणायचे, हा तुझा पुढचा प्रश्न असेल. तुझ्या हक्काचे काय काय राहून गेले आहे, ते आधी पाहू.

जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात 100 टक्के सवलत 2024-25 पासून देण्यात आली. व्यवस्थापन कोट्यातल्या जागांना ती नाही. कॅपमधून आलेल्या मुलींना आहे, आणि आधीपासून शिकत असलेल्या मुलीही तिच्यात धरल्या आहेत. तुझे प्रवेशाचे वर्ष 2023 असले तरी दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षासाठी तुला ही सवलत मागता येते. अर्ज ‘कॉलेज लॉगिनला अडकला’ या वाक्यावर तू थांबलीस, तिथे थांबायचे नव्हते. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या शासकीय संकेतस्थळावर आपल्या अर्जाची स्थिती उघड, तो पडताळणीसाठी पडून आहे की त्रुटी काढून तुझ्याकडेच परत पाठवला आहे ते पाहा, आणि त्या पानाची छापील प्रत जोडून प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज दे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घे. तोंडी सांगितलेले काम शिष्यवृत्तीच्या टेबलावर कधीच पुढे सरकत नाही. आवक क्रमांक असला की सरकते, हा माझा 30 वर्षांचा अनुभव आहे. चालू वर्षाचा अर्ज भरला नसेल तर तो आजच भर. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमी लेअर, जात प्रमाणपत्र, आधारशी जोडलेले बँक खाते आणि कॅपचे वाटपपत्र या पाच गोष्टी एका फाइलमध्ये ठेव आणि मूळ कागद कोणाच्याही हाती सोडू नकोस, नर्सिंग होमच्या तर नाहीच. वसतिगृहाच्या खर्चासाठी इतर मागास बहुजन कल्याण विभागाची ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यांना तिच्यातून शहराच्या वर्गाप्रमाणे निवास आणि भोजनासाठी रक्कम मिळते. त्या विभागाच्या जिल्हा कार्यालयात एक दिवस जाऊन ये.

दुसरी गोष्ट व्याजाची. ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत आहे, त्यांच्या मुलांच्या शैक्षणिक कर्जावरचे स्थगितीच्या काळातले व्याज केंद्र सरकारने भरायचे, अशी योजना 2009 पासून आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी ती आहे, आणि नॅक किंवा एनबीए या मूल्यांकन संस्थांच्या कक्षेत न येणाऱ्या संस्थांच्या बाबतीत नियामक परिषदेची मान्यता, म्हणजे नर्सिंगसाठी भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता, लागते. यासाठी विद्यार्थ्याने स्वतः दिल्लीला काही पाठवायचे नसते. आपली शाखा कॅनरा बँकेकडे, म्हणजे या योजनेच्या नोडल बँकेकडे, दावा पाठवते. परंतु तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला कर्जाच्या फाइलला लावलेला नसेल तर शाखा गप्प बसते. मॅनेजरना चार प्रश्न विचार: माझे खाते व्याज अनुदानासाठी नोंदले आहे का, नसेल तर कोणता कागद कमी आहे, शुल्क सवलत मिळाल्यास अनुदानावर काही परिणाम होतो का, आणि मी 11 महिने नियमित व्याज भरले आहे त्याबद्दल व्याजदरात सवलत बसते का. शिक्षण चालू असताना व्याज भरणाऱ्यांना अनेक बँका 1 टक्का सवलत देतात, म्हणून हा शेवटचा प्रश्न विसरू नकोस. उत्तर लेखी घे.

यानंतर मी जे सांगणार आहे ते आपल्याकडे ऐकायला बरे वाटत नाही: खानावळीसाठी कर्ज घे. कर्ज शिकायला काढतात, जेवायला नाही, असे वडील म्हणतील. शैक्षणिक कर्जात मात्र वसतिगृह, भोजन, पुस्तके, गणवेश आणि परत मिळणारे डिपॉझिट हे सगळे खर्च मुळातच धरता येतात. तुझ्या फाइलमध्ये फक्त महाविद्यालयाचे शुल्क दाखवले गेले, म्हणून वडिलांना गावात हात पसरावा लागला. शुल्क सवलत मंजूर झाली तर चौथ्या वर्षाचे 1 लाख पूर्ण उचलावे लागणार नाहीत. मंजूर झाले म्हणून सगळे उचललेच पाहिजे असा नियम नाही, आणि त्याच मंजुरीतून वसतिगृह आणि खानावळीसाठी रक्कम वळवण्याची विनंती तू वसतिगृहाच्या पावत्या जोडून करू शकतेस. सवलतीला उशीर लागला तर कर्जाची मर्यादा वाढवून माग; 4 लाखांच्या पुढे 5 टक्के रक्कम स्वतःची घालावी लागते, परंतु साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला पतहमी निधीचे संरक्षण असल्याने तारण द्यावे लागत नाही. तुझी खानावळ महिन्याला 2,300 रुपये आहे. उरलेल्या दीड वर्षाची ती साधारण 41 हजार होते. तेवढे 10 टक्क्यांनी उचलून तू शांत झोपलीस तर नंतरचा हप्ता सहाशे-साडेसहाशे रुपयांनी वाढेल. मी तुझ्या जागी असते तर डोळे मिटून ते उचलले असते.

काम अजिबात करू नकोस असे माझे म्हणणे नाही. कर्मवीरांचे नाव वडिलांनी काढले, ते योग्यच आहे. भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि वसतिगृहातल्या मुलांना कमवून शिकवले. परंतु तिथे मुलांच्या घामाचा हिशेब त्यांच्या शिक्षणाची काळजी वाहणारा माणूस ठेवत होता. मुलगा वर्गात पेंगू लागला असता तर कुदळ त्याच्या हातातून आधी त्या माणसानेच काढून घेतली असती. नर्सिंग होमच्या मालकाला तुझ्या पाचव्या सत्राशी काही देणेघेणे नाही. वडिलांना हा फरक तूच सांग, ते समजून घेतील. तुझ्या अभ्यासक्रमात आठवड्याचे 40 तास आधीच गेलेले असतात; त्यावर आठवड्याला सहा ते आठ तासांपेक्षा जास्त काम पेलत नाही, आणि ते दिवसा, रविवारी आणि रुग्णाच्या जिवाशी संबंध नसलेले असावे. आठवी ते दहावीच्या मुलींची विज्ञानाची शिकवणी वसतिगृहाच्या जवळपास मिळते. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात किंवा कार्यालयात कमवा आणि शिका योजनेखाली तास मिळतात का, हे विद्यार्थी कल्याणाचे काम पाहणाऱ्या शिक्षकांना विचार. महिन्याला दीड-दोन हजार मिळाले तरी पुरे.

माझ्या पिढीविषयी एक कबुली देते. आम्ही शासकीय रुग्णालयात प्रशिक्षण घेतले तेव्हा राहणे-जेवणे तिथेच होते आणि वर थोडे विद्यावेतन मिळत असे. आमच्यापैकी कोणी बँकेचे तोंड पाहिले नव्हते. म्हणून ‘आम्ही नाही का शिकलो’ असे तुम्हा मुलींना ऐकवणाऱ्या माझ्या वयाच्या मेट्रन आणि प्राचार्यांचा मला राग येतो. त्यांच्या डोक्यावर 3 लाख नव्हते.

राहिली हजेरी. परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत किमान 80 टक्के हजेरी लागते आणि पदवी मिळण्याआधी प्रत्येक क्लिनिकल विभागातली हजेरी 100 टक्के पूर्ण करावी लागते. म्हणजे बुडालेले सहा दिवस कधी ना कधी भरून द्यावेच लागणार आहेत. ते आत्ता, त्याच वॉर्डात, ट्यूटर ओळखीच्या असताना भरणे सोपे आहे, आठव्या सत्राच्या इंटर्नशिपच्या तोंडावर नाही. थिअरीचे 74 चे 80 करायला सत्राचे किती तास उरले आहेत ते वर्गशिक्षकांकडून मोजून घे. त्यांना खरे कारण सांग. तू रात्री कुठे जातेस हे त्यांना ठाऊक नसेल असे समजू नकोस. तुझा टीपीआर चार्ट त्यांनी पाहिलेला आहे.

नर्सिंग होममध्ये भांडून निघू नकोस. चालू महिन्याच्या ठरलेल्या रात्रींपैकी ज्यांच्या दुसऱ्या दिवशी पोस्टिंग आहे त्या आजच नाकार आणि उरलेल्यांना बदली माणूस मिळेपर्यंत फार तर आठ दिवस दे. झालेल्या रात्रींची यादी तारखांसह लिहून पैसे मागून घे. या आठ दिवसांत इंजेक्शन आणि शिरेतून द्यायचे औषध तू देऊ नकोस. डॉक्टरांना तसे स्पष्ट सांग, आणि त्यांनी नाही म्हटले तर त्याच रात्री निघून ये.

बँकेत जाण्यासाठी शनिवार धरू नकोस, दुसरा आणि चौथा शनिवार बंद असतो. बुधवारी किंवा गुरुवारी दुपारच्या पोस्टिंगआधी जा, वडिलांना सोबत बोलाव आणि काउंटरवरच मॅनेजरांना त्यांच्यासमोर विचार की पहिला हप्ता कोणत्या महिन्यात आहे. ती तारीख त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकली की रात्रीचे फोन थांबतील. जमल्यास त्या उताऱ्याच्या मागे मॅनेजरांकडून ती तारीख लिहून घे. वडील तो कागद पासबुकात ठेवतील.